नाकाशी सूत

दिवाळी अंकासाठी मजकूर हवा, असा संपादकांचा निरोप यंदा श्रावणातच आला. दरसाल या पानावर मी फराळाच्या, पाहुण्यांच्या, नाहीतर आमच्या वसईच्या केळी-पानवेलींच्या गोष्टी सांगते आणि वाचक मंडळी त्या गोड मानून घेतात. यंदा करंज्यांवर लिहायचे मनात होते. पण त्याच रात्री पाऊस कोसळू लागला, पागोळ्यांचा आवाज सुरू झाला, आणि तीन वर्षांपूर्वीची श्रावणातली अशीच एक रात्र आठवून मला झोप लागेना. तेव्हा करंज्या पुढच्या साली. यंदा एका नाकाविषयी लिहिते. नाकही कुणा मोठ्या माणसाचे नव्हे. सोळा दिवसांच्या मुलीचे, हरभऱ्याएवढे.

आधी माझा अधिकार सांगते, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. मी शाळेत पस्तीस वर्षे शास्त्र शिकवले. श्वसनसंस्थेची आकृती मी डोळे मिटून फळ्यावर काढीत असे. नाक, घसा, श्वासनलिका, तिचे दोन फाटे, खाली फुप्फुसांचे दोन फुगे. ‘श्वास नेहमी नाकाने घ्यावा, तोंडाने घेऊ नये’ हे वाक्य माझ्यामुळे किती वह्यांत उतरले असेल याची गणतीच नाही. घेऊ नये, हे मी शिकवले. तोंडाने श्वास घेणे ज्याला जमतच नाही असाही माणूस या जगात असतो आणि तो आपल्याच घरात पाळण्यात निजलेला असू शकतो, हे मात्र मला कुणी शिकवले नव्हते.

मुलगी पुण्याला असते. पहिलटकरीण, म्हणून माहेरी वसईला आली. इथल्याच एका प्रसूतिगृहात सुखरूप सुटका झाली. मुलगी झाली, वजन पावणेतीन किलो, जन्मताच खणखणीत रडली. आमच्या ह्यांनी स्टेशनजवळच्या हलवायाकडे जाऊन बर्फी आणली आणि निम्मी वाटेतच वाटली. घरी आल्यावर शिरस्त्याप्रमाणे न्हाऊ घालायला मावशी येऊ लागल्या. मावशी निर्मळच्या. या भागातल्या दोन पिढ्या त्यांच्या पायांवर न्हाऊन निघाल्या आहेत. माझी मुलगीही त्यांच्याच हातची.

मावशींचे शास्त्र ठरलेले. आधी खोबरेल तेलाने मालीश, टाळू भरायची, मग दोन्ही कानांत तेलाचे दोन दोन थेंब, दोन्ही नाकपुड्यांत दोन दोन थेंब, नाकात हलकी फुंकर, ऊनऊन पाणी आणि शेवटी ओवा, वेखंड आणि शेपा यांची धुरी. पहिल्याच दिवशी तेलाची वाटी नाकाशी आली आणि मुलगी ताडकन उठून बसली. “नाकात तेल घालायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय.”

मी मावशींची बाजू घेतली, हे कबूल केले पाहिजे. “अगं, तुझ्या नाकात घातलं होतं. काय झालं तुला?”

हे वाक्य आमच्या पिढीचे ब्रह्मास्त्र आहे. प्रत्येक आजीकडे ते असते. त्यात एकच खोट असते, ती अशी की ज्यांना काही झाले ती हे वाक्य ऐकायला समोर बसलेली नसतात. पण हा विचार तेव्हा कुठला सुचायला! शेवटी तह झाला. नाकात तेल नाही. पण उशाशी ओवा-कापराची पुरचुंडी राहील. मुलीने तोंड वाकडे केले, मी विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेले.

बाळाचे नाक तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वाजे. घुर्र घुर्र असा आवाज. पाच-पंचवीस शिंकाही रोजच्या. त्यात विशेष काही नव्हते, आणि नसतेच. तान्ह्या मुलाची नाकाची वाट इतकी अरुंद असते की जरासा शेंबूड, ओकलेल्या दुधाचा थेंब, हवेतली धूळ, काहीही पुरते. पण दूध पिताना ती दोन घोट घेई, सोडी, मान फिरवी, लाल होऊन रडे आणि पुन्हा धरी. आमच्या इमारतीतल्या समस्त स्त्रीवर्गाने एकमताने निदान केले, की आईला दूध पुरत नाही. शतावरी आली, अळीव आले, डिंकाचे लाडू आले. मुलगी बिचारी ते सारे खाई आणि रात्री रडे.

एकदा न्हाऊ घालता घालता मावशी म्हणाल्या, “बाय, ह्या पोरीची येकच नाकपुडी गळते बघा. उजवी. डावी सुकी हाय.”

“असेल हो,” मी म्हटले. “त्या कुशीवर निजते, म्हणून.”

पस्तीस वर्षे मुलांना सांगत आले, निरीक्षण करा, मग कारण शोधा. इथे निरीक्षण मावशींनी केले होते. मी कारण मात्र जागच्या जागी बनवून दिले.

सोळाव्या दिवशी पाऊस सकाळपासून धरून होता. नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी आल्याने गाड्या बंद पडल्या होत्या, आमच्या गल्लीत घोटाभर पाणी. मला दोन दिवस सर्दी होती. तरी मी बाळाला घेत होते, मुके घेत होते. आजीच्या सर्दीने काय होते! रात्री दोनच्या सुमारास मुलीने हाक मारली. हाक अशी, की मी चष्मा न लावताच धावले.

“आई, हिचे ओठ बघ.”

ओठ जांभळट होते. नाकपुड्या फुललेल्या, आणि बरगड्यांखालची कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती, जणू कुणी आतून दोरी ओढते आहे. मी तिला उचलले तशी ती रडली, आणि बघता बघता गुलाबी झाली. हुश्श म्हणून मी तिला खांद्यावर घेतले, थोपटले, येरझाऱ्या घातल्या. ती गप्प झाली. तोंड मिटले. पुन्हा ओठ जांभळे. पुन्हा रडली, पुन्हा गुलाबी. मी पुन्हा थोपटू लागले आणि दुसऱ्या हाताने फडताळातली कापूर घातलेल्या तेलाची बाटली शोधू लागले. मुलीने माझे मनगट धरले. काही बोलली नाही, पण सोडलेही नाही.

दोन गल्ल्या पलीकडे एक बालरोगतज्ज्ञ राहतात. माझेच विद्यार्थी. ह्यांनी त्यांना फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. मी काय सांगितले मला आठवत नाही. ते काय म्हणाले ते मात्र अक्षरशः आठवते.

“बाई, तिला गप्प करू नका. रडू द्या. मी आलोच.”

आजीच्या जातीला याहून कठीण आज्ञा कुणी देऊ नये. रडणारे मूल हातात, आणि थोपटायचे नाही. आम्ही दोघी मायलेकी तिला घेऊन उभ्या होतो, ती गप्प होऊ लागली की तळपायाला टिचकी मारीत होतो, आणि तिच्याबरोबर रडत होतो.

डॉक्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, छत्री उलटी झालेली, अशा थाटात आले. हात धुतले. बाळाचे अंगडे काढून छाती उघडी केली आणि हातातल्या घड्याळाकडे बघत एक पूर्ण मिनिट स्वस्थ बसून राहिले. ते मिनिट मला तासाएवढे वाटले. “चौसष्ट,” ते म्हणाले. मग मिठाच्या पाण्याचे, म्हणजे औषधाच्या दुकानात सलाइनचे मिळतात ते थेंब डाव्या नाकपुडीत दोन घातले, जरा थांबले, आणि लहान रबरी फुग्याने अलगद ओढून घेतले. घट्ट शेंबडाची गाठ निघाली. बाळाने मोठा श्वास घेतला. तोंड मिटलेले होते, आणि रंग गुलाबीच राहिला.

मला वाटले, झाले. तोच त्यांनी पिशवीतून कापूस काढला, बोटांनी त्याचा बारीक धागा पिळला आणि बाळाच्या नाकाशी धरला.

मराठी माणसाला ‘नाकाशी सूत धरले’ म्हणजे काय हे सांगायला नको. माझ्या सासऱ्यांच्या वेळी धरलेले मी पाहिले होते. माझे पाय लटपटले. डॉक्टरांना ते समजले असावे. “बाई, बघा,” ते म्हणाले, “डावीकडे सूत हलतंय.” हलत होते, नाजूक पानासारखे. मग त्यांनी ते उजवीकडे नेले. सूत जागच्या जागी. त्यांनी डावी नाकपुडी बोटाने क्षणभर दाबली. बाळाची छाती आत ओढली गेली, तोंड वेडेवाकडे झाले, आणि उजवीकडचे सूत तरीही जागच्या जागी. त्यांनी लगेच बोट काढले.

“हिची उजवी नाकपुडी मागून बंद असावी. जन्मापासूनच. आजवर ही एकाच नाकपुडीवर होती. आज सर्दीनं तीही गेली.” मग कपडे सावरीत म्हणाले, “आत्ताच रुग्णालयात नेऊ. एकदा निळं पडलेलं तान्हं मूल सकाळपर्यंत घरी ठेवायचं नाही, मग ते कितीही चांगलं दिसत असो.”

पाण्यातून त्यांच्याच गाडीने गेलो. तिथे बोटाला दिवा लावून रक्तातला प्राणवायू मोजला, नाकातून बारीक मऊ नळी घातली. डावीकडून ती घशात उतरली. उजवीकडे तीन-साडेतीन सेंटीमीटरवर अडली ती अडलीच. दोन दिवस ठेवून घेतले. पुढे पाऊस उघडल्यावर मुंबईला, परळच्या वाडिया बाल रुग्णालयात नेऊन सी. टी. स्कॅन झाले. १९२९ पासून मुंबई इलाख्यातली लेकुरवाळी माणसे ज्या वास्तूच्या पायऱ्या चढत आली, तिथे आम्हीही चढलो. स्कॅनच्या चित्रात डावीकडे काळी मोकळी वाट, आणि उजवीकडे वाटेच्या टोकाला पांढरी भिंत. थोडे हाड, थोडा पडदा.

या दोषाला कोॲनल ॲट्रेशिया म्हणतात. कोॲना म्हणजे ग्रीक भाषेत नरसाळे. नाकाच्या वाटा जिथे मागे घशात उघडतात ती ही नरसाळी. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना तिथला पडदा विरून जायचा असतो. तो विरला नाही की दार बंदच राहते, असे सर्वसाधारणपणे मानतात. साधारण सात-आठ हजार जन्मांत एखाद्या मुलाला हे असते. मुलग्यांपेक्षा मुलींत अधिक, आणि एकाच बाजूला असेल तर बहुधा उजव्या. म्हणजे आमच्या बाईसाहेब सगळे नियम पाळूनच आल्या होत्या. या दोषाबरोबर कधी कधी हृदय, डोळे, कान, मूत्रपिंडे यांतही वैगुण्य असते, म्हणून ती सारी तपासावी लागतात. ते चार दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. सारे ठीक निघाले.

मग मी डॉक्टरांना माझी शंका विचारली. नाक बंद तर मुलीने तोंड का उघडले नाही? माणूस बुडायला लागला तर हातपाय मारतो, आणि हिला साधे तोंड उघडता येऊ नये?

ते हसून म्हणाले, “बाई, श्वसनसंस्थेच्या धड्यावर तुम्ही मला दहापैकी चार दिले होते. आता मी तुम्हाला शिकवतो.” आणि रुग्णालयाच्या चिठ्ठीच्या मागे त्यांनी आकृती काढली. माझ्याच आकृतीसारखी, पण घसा निराळा. तान्ह्या मुलाचे स्वरयंत्र आपल्यापेक्षा फार वर असते. श्वासनलिकेवरचे झाकण मऊ टाळूला जवळजवळ भिडलेले, आणि जीभ सगळे तोंड भरून. त्यामुळे नाकापासून फुप्फुसांपर्यंत एक सरळ नळी तयार होते आणि दूध तिच्या दोन्ही अंगांनी खाली उतरते. म्हणून तर मूल न थांबता चोखू शकते. घोट गिळताना क्षणभर श्वास त्याचाही थांबतो, आपल्यासारखाच. निसर्गाने सोय केली ती दूध पिण्याची, आणि तिची किंमत ही, की नाक हेच एक दार. पूर्वीच्या पुस्तकांत तान्ह्याला तोंडाने श्वास येतच नाही असे लिहीत. आता म्हणतात की काही मुले नाक बंद झाल्यावर तोंड उघडतात, पण चटकन नाही आणि फार वेळ नाही. चार-सहा महिन्यांत घशाची ठेवण बदलते आणि तोंडाचे दार कामाला येते. तोवर तोंड फक्त दुधासाठी आणि रडण्यासाठी.

“आणि दोन्ही नाकपुड्या बंद असल्या तर?” मी विचारले.

“तर जन्मल्यापासूनच कळतं. मूल गप्प असलं की निळं पडतं, रडलं की तोंडानं हवा जाते आणि गुलाबी होतं. पुन्हा गप्प, पुन्हा निळं. तोंडात लहानशी नळी बसवून वाट उघडी ठेवतात आणि मग शस्त्रक्रिया.”

मी ती चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ तशीच बसले.

माझी आई आगाशीची. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती, १९५४ साली, आमच्या जुन्या घराच्या माजघरात. दीड दिवसाची होऊन गेली. आई तिच्याविषयी कधी बोलत नसे. मी स्वतः गरोदर होते तेव्हा एका दुपारी, तांदूळ निवडता निवडता, एकदाच बोलली. “रडायची तेव्हा कशी गुलाबी दिसायची गं. गप्प केली की काळवंडायची.” घरात सहा-सात बायका होत्या. एकीने घेऊन गप्प केली, मग दुसरीने घेतली, तिनेही गप्प केली. सगळ्यांचे हात मायेचेच होते. तिने दूध धरले नाही. शेवटी शेवटी ती रडेनाशी झाली, आणि तेव्हा म्हणे सुईण म्हणाली, “आता निजली बरीक शांत.”

आईने गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली होती, म्हणून असे झाले, असे घरात ठरले. आईने ते मरेपर्यंत मानले. माझ्या वेळी, माझ्या भावांच्या वेळी, ग्रहण असले की ती देवघरासमोर मांडी घालून बसे ती हलत नसे.

त्या मुलीला तेच झाले होते असे मी म्हणत नाही. हृदयाच्या दोषानेही मूल निळे पडते. पण तसे मूल रडले की बहुधा अधिकच निळे होते, गुलाबी होत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांना मी आईची गोष्ट सांगितली नव्हती. योहान रोएडरर नावाच्या जर्मन प्रसूतिशास्त्रज्ञाने नाकाचा हा दोष १७५५ सालीच लिहून ठेवला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यावर शस्त्रक्रियाही झाली. म्हणजे आगाशीच्या माजघरात ती मुलगी बायकांच्या हातोहात फिरत होती, तेव्हा ही विद्या जगात दोनशे वर्षांची होती. आगाशीत मात्र पोचली नव्हती. विळीचा काही संबंध नव्हता, एवढे तरी मला आईला सांगायचे होते. पण तिला जाऊन आता अकरा वर्षे झाली.

त्या सुईणीला मी दोष देत नाही. मूल काळवंडते हे तिला दिसत होते. दिसते त्याचे करायचे काय, ते तिला कुणी सांगितले नव्हते. हेच काम आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केले. १९८६ च्या सुमारास ते दोघे तिथे गेले, तेव्हा लहान मुले न्यूमोनियाने दगावत आणि डॉक्टर कोसोकोस दूर. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या मुलाचे साठ किंवा त्याहून अधिक भरले तर धोका. पण गावातल्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नसे, आणि घड्याळ तर नव्हतेच. तेव्हा बंगांनी एक साधन केले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी. वाळू पडू लागली की श्वास मोजायचे, दहा झाले की एक हिरवा मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा तांबडा मणी सरकला, की औषध सुरू. दहापर्यंत तर सर्वांनाच येते! पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना घरोघर जाऊन नवजात मुले तपासायला शिकवले, आणि त्या गावांतले नवजात मुलांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले तेव्हा जगभर त्याचा बोलबाला झाला. २०११ पासून ही पद्धत सरकारने देशभर आशा कार्यकर्त्यांकडे दिली. आमच्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बाळाच्या जन्मानंतर दीड महिन्यात सहा वेळा घरी येऊन बघायचे, असा त्या आशाताईंचा नेम आहे. आणि मी, शास्त्राची शिक्षिका, भिंतीवर तीन घड्याळे असून एकदाही मोजले नव्हते.

मागे एकदा या पानावर मी बाळाच्या सर्दीचा ओझरता उल्लेख केला होता, तेव्हा बऱ्याच जणींनी पत्रे पाठवून आपापले उपाय कळवले. त्यांतले निम्मे मी स्वतः केलेले होते, म्हणून रागावून लिहीत नाही. डॉक्टरांनी मला जे सांगितले ते सांगते.

नाक वाजते पण मूल दूध नीट पिते, रंग चांगला आहे, श्वास शांत आहे, तर काही करायचे नाही. बहुतेक मुलांचे असेच असते आणि काही आठवड्यांत आपोआप थांबते. फारच चोंदले तर पाजण्याआधी सलाइनचे एक-दोन थेंब, आणि बाहेर येईल तेवढे मऊ फडक्याने टिपायचे. मात्र बाटलीवरचे नाव पुरते वाचा. मोठ्या माणसांचे नाक मोकळे करायचे झायलोमेटाझोलीन, ऑक्सिमेटाझोलीन वगैरे थेंब तशाच इवल्या बाटलीत मिळतात, आणि ते तान्ह्याला घातले तर गुंगी येते, श्वास मंदावतो. तेल तर नाकात नाहीच. नाकातले तेल घशात न जाता श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसात साचते आणि त्याचाही न्यूमोनिया होतो. कापूर पोटात गेला किंवा अंगाला फार चोळला तर मुलाला आकडी येऊ शकते. माझी ती पुरचुंडी त्याच रात्री केराच्या टोपलीत गेली. चोळायची मलमे, निलगिरी, पुदिन्याचा अर्क, धुरी, सारे बाद. आईच्या दुधाचे थेंब नाकात पिळणाऱ्या भगिनींनीही ते दूध मुलाच्या पोटात जाऊ द्यावे. नाकात ते वाळून खपली धरते.

आणि मोजायचे. मूल शांत असताना, निजलेले असले तर उत्तम, पोट उघडे करून, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चौपट करायचे नाही, कारण तान्ही मुले मध्येच पाच-दहा सेकंद श्वास थांबवतात आणि मग भराभर घेतात. ते नेहमीचे आहे. साठ किंवा अधिक भरले तर पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही तेच, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडतो, दर श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो, दूध सोडले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास वीस सेकंदांहून अधिक थांबला, ओठ-जीभ निळी झाली, यांतले एक जरी दिसले तरी रात्र आहे, पाऊस आहे, सासूबाई काय म्हणतील, हे बघायचे नाही. निघायचे.

दिवाळीच्या दिवसांत तर घरोघरी नवी बाळे बघायला पाहुणे येतात. ज्याला सर्दी आहे त्याने दारातूनच कौतुक करावे. राग आला तर माझे नाव सांगा. उदबत्त्या आणि फुलबाज्या बाळाच्या खोलीपासून दूर.

आमच्या मुलीची शस्त्रक्रिया लगेच केली नाही. एका नाकपुडीवर मूल वाढते. डॉक्टरांचे मत पडले की जरा मोठी होऊ दे, वाट रुंद होईल, आणि उघडलेले दार पुन्हा बुजण्याचा धोकाही कमी. तोवर डावी नाकपुडी आम्ही सोन्यासारखी सांभाळली. पहिले सहा महिने मुलगी पुण्याला परतलीच नाही. जावई दर शनिवारी वसईला येत आणि स्टेशनवरून थेट बेसिनकडे जाऊन हात धूत. यंदा मे महिन्यात, पावणेतीन वर्षांची झाल्यावर, मुंबईत दुर्बिणीतून ती भिंत उघडली. बाहेर एक टाका नाही. आठवड्याभराने तिला नाक शिंकरायला शिकवले, आणि उजव्या नाकपुडीतून फुर्रकन आवाज आला तेव्हा ती स्वतःच इतकी चकित झाली, की दिवसभर घरातल्या प्रत्येकाला तो आवाज करून दाखवीत होती.

मावशी अजून येतात. आता आमच्याकडे न्हायला कुणी नाही, पण चहाला येतात. त्या रात्रीनंतर आठ दिवसांनी मी त्यांना सगळे सांगितले होते, आणि तुम्हीच पहिल्यांदा पाहिले होते हेही सांगितले होते. “मग तवाच का नाय ऐकलं?” त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. नाकात तेल घालणे त्यांनी सोडले आहे. निदान मला तसे सांगतात. पण गेल्या महिन्यात त्यांनी पदराच्या गाठीतून कापसाची बारीक वळलेली वात काढून दाखवली. नव्या घरी गेल्या की पहिल्या दिवशी बाळाच्या दोन्ही नाकपुड्यांपुढे ती धरून बघतात. बोळिंजच्या एका घरी बाळाची आजी हे पाहून किंचाळलीच म्हणे, की बाई, जित्या लेकराच्या नाकाशी सूत काय धरताय!

“मी म्हनलं,” मावशी चहा बशीत ओतीत म्हणाल्या, “गप ऱ्हा. हालतंय का बघ.”